मर्यादेचा उपयोग: घरच्या घरी गीतसंग्रह

(शब्बाथशाळेचे शिक्षक, गायनमंडळी व तरुणसंघ यांच्यासाठी अभ्यासपाठ)

वाचन: स्तोत्र 119:1-24, विलापगीत, अध्याय 3 व 5.

पाठाचा हेतू: साधने थोडी असताना स्वतःची गाणी कशी रचावी, घरीच ध्वनिमुद्रित कशी करावी आणि हाती घेतलेले काम शेवटास कसे न्यावे, हे शिकणे.

1. प्रस्तावना

आपल्या मंडळ्यांत गाणी रचणाऱ्यांची उणीव नाही. नाताळच्या कार्यक्रमासाठी कोणी चार कडवी रचतो. शब्बाथशाळेच्या लहानग्यांसाठी एखादी शिक्षिका हातवारे करून म्हणावयाचे गीत बांधते. कोणाच्या आजीला तिच्या आईने शिकवलेली जुनी चाल अजून येत असते. कार्यक्रम संपतो, टाळ्या होतात आणि गाण्याचा कागद पुढच्या नाताळपर्यंत सापडत नाही.

हे गाणे नीट ध्वनिमुद्रित का केले नाही, असे विचारावे तर उत्तर ठरलेले असते. "स्टुडिओचे भाडे परवडत नाही. तबलजी मिळत नाही. आमचा आवाज रेकॉर्ड करण्याजोगा कोठे आहे? पुढेमागे सोय झाली की पाहू." ती सोय बहुधा होत नाही. दरम्यान आजी जाते आणि तिची चालही तिच्याबरोबर जाते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळ्यांना ह्याची झळ अधिक लागते. बेळगावात, इंदुरात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास किंवा हैदराबादेत मराठी ही घरची व उपासनेची भाषा, तर शाळा, बाजार व कचेरी दुसऱ्या भाषेत. आपल्या मराठीला तेथल्या कन्नडचा, हिंदीचा, गुजरातीचा वास लागलेला असतो. तिचे उच्चार पुण्यामुंबईच्या स्टुडिओत कोणी जपून ठेवणार नाही. ते जपले जातील ते आपल्याच घरात, आपल्याच हातांनी.

तेव्हा प्रश्न असा: हाताशी थोडे असताना दहा-बारा गाण्यांचा, निदान सहा गाण्यांचा, संग्रह पुरा करता येईल काय? आमचे उत्तर असे की येईल. आणि "थोडे असतानाही" असे म्हणण्यापेक्षा "थोडे आहे असे अगोदर ठरवून घेतले तर" येईल, असे म्हणणे अधिक खरे आहे. मर्यादा दोन प्रकारची असते. एक आपल्यावर येऊन पडलेली, दुसरी आपण निवडलेली. पहिलीने माणूस कुरकुरतो, दुसरीने कामाला लागतो. पहिलीचे रूपांतर दुसरीत कसे करावे, हाच ह्या पाठाचा विषय आहे.

2. एका घरातील चार ट्रॅक

ह्या बाबतीत अभ्यासण्याजोगे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा तेथील नामांकित गायक व गीतकार. 1980 मध्ये त्याची 'द रिव्हर' ही दोन तबकड्यांची ध्वनिमुद्रिका निघाली होती. तिच्या प्रचाराचा लांब दौरा 1981 मध्ये संपला आणि तो न्यू जर्सी राज्यातील कोल्ट्स नेक ह्या गावी एका भाड्याच्या घरात राहू लागला. गाणी अर्धवट घेऊन स्टुडिओत जायचे आणि तेथे महागड्या तासांत ती घडवीत बसायचे, ही त्याची जुनी पद्धत. तीत वेळ व पैसा फार जाई. म्हणून त्याने आपल्या वाद्यांची देखभाल करणाऱ्या सहायकास एक साधे यंत्र आणावयास सांगितले. गाण्यांचा कच्चा खर्डा घरी करावा, मग वाद्यवृंदास तो ऐकवावा, इतकाच बेत होता.

ते यंत्र म्हणजे टिॲक कंपनीचे 'पोर्टास्टुडिओ 144'. ते 1979 मध्ये बाजारात आले होते. त्यात नेहमीचीच कॅसेट घालावयाची. साध्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेटची एक बाजू वाजवून ती उलटतात. ह्या यंत्रात फितीची सारी रुंदी एकाच दिशेने वापरली जाई व तिचे चार स्वतंत्र भाग होत. त्यांना ट्रॅक म्हणतात. एका ट्रॅकवर आवाज भरून तो ऐकत ऐकत दुसऱ्यावर वाद्य भरता येई. आवाज बरा उमटावा म्हणून फीत दुप्पट वेगाने धावे. त्यामुळे 60 मिनिटांच्या कॅसेटवर अवघी 15 मिनिटे मावत.

दोन साधे मायक्रोफोन, हे यंत्र आणि एक खोली. गाणे म्हणताना व गिटार वाजवताना दोन ट्रॅक एकदमच भरत. उरत दोन. त्या दोहोंवर काय घालावयाचे ते ठरवावे लागे. एखाद्या गाण्यात दुसरा आवाज, एखाद्यात मँडोलिन, कोठे खंजिरी, कोठे आणखी एक गिटार. तिसऱ्या गोष्टीस जागाच नव्हती. पुढे हे चार ट्रॅक प्रतिध्वनी देणाऱ्या एका यंत्रातून काढून जुन्या पॅनासॉनिक टेपरेकॉर्डरवर एकत्र उतरवले. बहुतेक गाणी 1982 च्या जानेवारीच्या आरंभी अशी मुद्रित झाली. ती कॅसेट तो कित्येक दिवस डबीशिवाय तशीच पँटच्या खिशात बाळगीत होता.

नंतर वसंत ऋतूत तो आपल्या वाद्यवृंदास घेऊन न्यू यॉर्कच्या स्टुडिओत गेला. तीच गाणी उत्तम वादकांनी, उत्तम यंत्रांवर वाजवली. आवाज मोठा झाला, स्वच्छ झाला; पण कॅसेटवरील गाण्यांत जो एकटेपणा होता तो त्यांतल्या बहुतेक गाण्यांतून नाहीसा झाला. पुष्कळ प्रयत्नांती ठरले की खिशातली कॅसेट हीच खरी ध्वनिमुद्रिका. तिच्यावरून तबकडी बनवण्यास तंत्रज्ञांना बरेच श्रम पडले, कारण मुद्रण बारीक आवाजात झाले होते व फितीची खरखर होती. अखेर 30 सप्टेंबर 1982 रोजी 'नेब्रास्का' ह्या नावाने दहा गाण्यांचा तो संग्रह प्रसिद्ध झाला. ती भक्तिगीते नव्हेत, हे येथे सांगितले पाहिजे. गुन्हेगार, कर्जात बुडालेले, नोकरी गमावलेले, रात्रीच्या रस्त्यावर एकटे पडलेले लोक त्यांत बोलतात. वाद्यवृंदासह केलेली त्यांतील काही मुद्रणे पुढे 2025 मध्ये प्रसिद्ध करण्यात आली. तरी लोकांच्या मनात बसलेली आहे ती घरातली कॅसेटच.

3. मर्यादेने काय केले?

वरील हकिकत ऐकून "साधी यंत्रे चांगली, महाग यंत्रे वाईट" असा अर्थ कोणी काढील. तो चुकीचा आहे. वाईट ध्वनिमुद्रण हा काही सद्गुण नव्हे. मर्यादेने नेमके कोणते काम केले ते पाहू या.

पहिले, तिने निवड करावयास लावली. दोनच ट्रॅक उरले म्हणजे प्रत्येक वाद्याला विचारावे लागते, "तू येथे कशासाठी?" ज्याला उत्तर देता येत नाही ते बाहेर राहते. भरपूर जागा असली की हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

दुसरे, तिने शब्द पुढे आणले. वाद्ये थोडी असली की पोकळ ओळ लगेच उघडी पडते. ढोलकीच्या गजरात खपून जाणारी ओळ नुसत्या पेटीवर खपत नाही. म्हणून गीतकाराला ओळच सुधारावी लागते.

तिसरे, सर्व गाण्यांना एका घरचे केले. एकच खोली, एकच आवाज, तीच दोन-तीन वाद्ये. दहा गाणी निरनिराळ्या विषयांची असूनही ती भावंडे वाटतात.

चौथे, तिने काम संपवले. ज्याला वाटेल तितके बदल करता येतात त्याचे काम कधीच संपत नाही.

4. इतर दाखले

पॉल मॅकार्टनी ह्या इंग्रज संगीतकाराने 1969 च्या डिसेंबरात लंडनच्या आपल्या घरी चार ट्रॅकांचे स्टुडर यंत्र आणविले. आवाज कमीजास्त करावयाचे मिश्रणाचे टेबल त्याच्यापाशी नव्हते. त्याने मायक्रोफोन थेट यंत्राला जोडला आणि ढोल मोठा वाटला तर मायक्रोफोन दूर, बारीक वाटला तर जवळ, असे करून समतोल साधला. सारी वाद्ये त्याने स्वतःच वाजवली. काही काम नंतर स्टुडिओत झाले. पण 17 एप्रिल 1970 रोजी निघालेल्या 'मॅकार्टनी' ह्या संग्रहाचा पाया त्या घरातच घातला गेला होता.

आपल्याकडचा दाखला ह्याहून जुना आहे. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे गायझबर्ग कलकत्त्यास आले व हिंदुस्थानी गायकांच्या तबकड्या निघू लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे 3 मिनिटे मावत. ज्या गवयांस एक राग तासभर मांडण्याची सवय, त्यांना तो 3 मिनिटांत मांडावा लागला. कित्येकांनी नाक मुरडले. पण मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ (निधन 1937) यांच्या तबकड्या आजही ऐकाव्यात. पसारा गेला, रागाचा चेहरा राहिला. मराठी भावगीत जे दोन-तीन कडव्यांचे, आटोपशीर झाले, त्यालाही ह्या तबकडीच्या मापाचा मोठा हात लागला.

आणखी एक मर्यादा काळाची. 2004 पासून अमेरिकेत फेब्रुवारीच्या 28 दिवसांत 14 गाणी लिहिण्याचा एक उपक्रम चालू झाला. 2006 पासून दुसरा एक उपक्रम निघाला. त्यात त्याच महिन्यात 10 गाणी किंवा 35 मिनिटांचे संगीत रचून मुद्रित करावयाचे. बक्षीस नाही, परीक्षक नाही. महिना संपला की काम संपले पाहिजे, एवढाच नियम. नोकरी-घर सांभाळणारी साधी माणसे ह्यात भाग घेतात आणि जे वर्षानुवर्षे झाले नाही ते 28 दिवसांत करतात.

5. शास्त्रातील गीतकारांचा नियम

गाण्याला अगोदर कुंपण घालावयाचे, मग आत पेरावयाचे, ही रीत स्तोत्रकर्त्यांसही ठाऊक होती. इब्री वर्णमालेत 22 अक्षरे आहेत. 119 वे स्तोत्र ह्या 22 अक्षरांवर बांधलेले आहे. प्रत्येक अक्षराच्या वाट्यास 8 ओळी, आणि त्या आठही ओळींचा आरंभ त्याच अक्षराने. 22 गुणिले 8 म्हणजे 176 वचने. भाषांतरात हे अक्षरांचे बांधकाम दिसत नाही, म्हणून आपण ते वाचून पुढे जातो. वर्गात फळ्यावर हा गुणाकार मांडून दाखवावा. मुलांना मौज वाटते.

विलापगीतात तर हा नियम दुःखासाठी वापरला आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झाले आहे. अशा वेळी माणूस आक्रोश करील, अक्षरे मोजीत बसणार नाही, असे आपणांस वाटते. पण पहिला, दुसरा व चौथा हे अध्याय 22 वचनांचे व वर्णानुक्रमाने आहेत. तिसऱ्यात प्रत्येक अक्षरास तीन वचने, म्हणजे एकूण 66. नियमामुळे दुःख थंड झाले काय? वाचून पाहा. उलट, नुसत्या आक्रोशात जे वाहून गेले असते ते नियमाने धरून ठेवले आहे.

आता पाचवा अध्याय पाहा. वचने 22 च आहेत, पण अक्षरांचा क्रम सोडून दिला आहे. माप राहिले, साखळी सुटली. ह्यावरून शिक्षकांनी एवढे ध्यानात घ्यावे की नियम गाण्यासाठी असतो. गाणे नियमासाठी नसते.

6. आपल्या घरचे माप: अभंग

आम्हां मराठी माणसांना मर्यादा शिकण्यासाठी दूर जावयास नको. अभंग हे आपल्या घरचे माप. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार. आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. एकूण अक्षरे 22. इब्री वर्णमालेशी हा आकडा जुळतो तो केवळ योगायोगाने, पण मुलांच्या लक्षात राहण्यास बरा.

नारायण वामन टिळकांनी (1861-1919) ख्रिस्ती गीतांसाठी अभंग व ओवी ही मापे घेतली. परदेशी चालींच्या मापात मराठी शब्द ओढूनताणून बसवावे लागत, तेथे शब्द आपल्या पायांनी चालू लागले. त्यांची गीते आजही आपल्या उपासनेत आहेत.

नमुन्यादाखल पावसावरील एक कडवे आम्ही येथे बांधून दाखवतो:

दारी आली सर / भिजले अंगण /
नाचे कणकण / मातीसंगे

अक्षरे बोटांवर मोजा. 'अंगण' व 'कणकण' हे यमक. "पावसामुळे सगळीकडे आनंदीआनंद झाला आहे" असे लांब वाक्य ह्या मापात मावतच नाही. त्यामुळे 'आनंद' हा शब्द टाकून आनंद दाखवावा लागतो. मर्यादेचा उपयोग म्हणतात तो हाच. वर्गातील मुलांनी असे एक कडवे स्वतः बांधावे. विषय त्यांच्या डोळ्यांपुढचा द्यावा: सायकल, चूल, शाळेची घंटा, आजोबांची काठी.

7. घरचा संग्रह: अठ्ठावीस दिवसांचा बेत

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. दोन, तीन किंवा चार जणांनी मिळून हे करावे. आरंभी एका कागदावर पुढील पाच मर्यादा लिहाव्यात आणि तो कागद भिंतीस लावावा.

अ. संख्या: सहा गाणी. प्रत्येक गाणे 4 मिनिटांच्या आत.
आ. विषय: एकच. उदाहरणार्थ, "आमची गल्ली", "पावसाळा" किंवा "आजीकडून ऐकलेले".
इ. आवाज: एका गाण्यात फार तर चार. गाणारा, साथीचा गळा, पेटी आणि टाळ किंवा ढोलकी.
ई. जागा: एक खोली, एक मायक्रोफोन किंवा एक मोबाइल फोन.
उ. मुदत: 28 दिवस.

ह्यात आम्ही आणखी एक सुचवू: सिनेमाची चाल घ्यावयाची नाही. ती दुसऱ्याची मालमत्ता आहे हे एक कारण. तिच्या मागोमाग सिनेमाचे शब्दही ऐकणाऱ्याच्या मनात येतात, हे दुसरे. नवे शब्द सुचत नसतील तर टिळकांसारख्या जुन्या कवीचे शब्द घ्यावेत. त्यांच्या रचनांवरील हक्काची मुदत संपलेली आहे. त्यांना नवी चाल लावावी.

पहिला आठवडा, शब्दांचा. रोज एक खर्डा. चांगला-वाईट हा विचार करावयाचा नाही. आठवड्याअखेर सात खर्डे हाती पाहिजेत.

दुसरा आठवडा, चालींचा. मुलांचा किंवा गाणाऱ्याचा आवाज ज्या पट्टीत मोकळा राहतो ती पट्टी प्रथम ठरवावी, मग चाल. सातांतील एक गाणे गाळावे. कोणते गाळावे ह्यावर वाद होईल. होऊ द्यावा, त्या वादातच गाण्यांची खरी परीक्षा होते.

तिसरा आठवडा, मुद्रणाचा. रोज एक गाणे, रविवारी विश्रांती. ह्या आठवड्यासाठी काही व्यावहारिक सूचना:

पंखा बंद करावा. कुकरची शिटी, नळाची वेळ व शाळा सुटण्याची वेळ टाळावी. बहुतेक घरांत दुपारी दोन ते चार किंवा रात्री दहानंतर शांतता मिळते. उघड्या भिंतींवरून आवाज घुमतो, म्हणून दोन भिंतींवर चादरी टांगाव्यात, खाली गादी घालावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट गाणाऱ्याच्या पाठीशी असल्यास उत्तम. फोन घडी केलेल्या गोधडीवर ठेवावा, म्हणजे टेबलाची थरथर त्यात उतरत नाही. मध्येच कोणाचा फोन येऊ नये म्हणून त्याची जोडणी बंद ठेवावी.

गाणाऱ्याचे तोंड फोनपासून सुमारे दोन वितींवर, पेटी दोन-तीन हात दूर, ढोलकी त्याहून दूर. अर्धा मिनिट मुद्रित करून ऐकावे. जो मोठा वाटेल त्याने मागे सरकावे. जुन्या काळी मायक्रोफोन नसताना, कर्ण्यासमोर गाऊन तबकड्या काढीत, तेव्हाही समतोल असाच साधत. आवाजाची पातळी दाखवणारी खूण लाल रेघेस लागू देऊ नये. एकदा फाटलेला आवाज पुढे शिवता येत नाही.

प्रत्येक गाणे तीनदाच म्हणावे. तिघांतील बरे ते ठेवावे आणि पुढे जावे. चौथ्यांदा म्हणू नये. सुरात किंचित उणे पण मनापासून गायलेले, आणि सुरात चोख पण दमून गायलेले, ह्यांत पहिले घ्यावे.

घरी संगणक असल्यास ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली घेऊन एकामागून एक ट्रॅक भरता येतात. ती आपणांस वाटेल तितके ट्रॅक देईल. आपण चारच घ्यावेत. स्प्रिंगस्टीनपुढे यंत्राने भिंत घातली होती. आपल्यापुढे भिंत नाही, ती आपणच घालावयाची आहे. आजच्या काळात मर्यादा निवडण्याचे काम अधिक कठीण झाले आहे ते ह्यामुळेच.

चौथा आठवडा, ऐकण्याचा. गाणी कोणत्या क्रमाने ठेवावी ते ठरवावे. प्रत्येक गाण्यापूर्वी गाणाऱ्याने रचणाऱ्याचे नाव, गाव व वर्ष स्पष्ट बोलावे. आजीची चाल असल्यास तिची परवानगी घ्यावी आणि ती कोणाकडून, कोठे शिकली हे तिच्याच तोंडून भरून घ्यावे. शेवटी दोन प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. एक प्रत म्हणजे न ठेवल्यासारखीच.

8. मर्यादा केव्हा सोडावी?

येथे एक गोष्ट न सांगितल्यास पाठ एकांगी होईल. स्प्रिंगस्टीनच्या त्या घरच्या मुद्रणांत 'बॉर्न इन द यूएसए' नावाचेही गाणे होते. ते एकट्या गिटारवर उभे राहीना. वाद्यवृंदाबरोबर मात्र ते सापडले आणि 1984 च्या त्याच नावाच्या, फार गाजलेल्या संग्रहाचे ते पहिले गाणे झाले. एकाच खोलीत जन्मलेल्या गाण्यांपैकी काहींना खोलीच हवी होती, ह्याला मैदान हवे होते.

तेव्हा सहांपैकी एखादे गाणे चार आवाजांत मावत नसेल, त्याला सगळ्या मंडळीचा घोषच हवा असेल, तर ते बाजूस काढावे आणि सणाच्या उपासनेसाठी राखून ठेवावे. पण त्याच्यासाठी बाकीच्या पाचांची मर्यादा मोडू नये. आणि सोडण्याचा निर्णय काम करून पाहिल्यावर घ्यावा, अगोदर नव्हे. पहिल्याच दिवशी "हे जमणार नाही" असे म्हणणारा नियम सोडीत नाही; तो काम सोडतो.

आणखी एक सावधगिरी. स्वतः निवडलेली मर्यादा फलदायी असते, म्हणून दुसऱ्यावर ती लादू नये. मंडळीजवळ पेटीदुरुस्तीस पैसे असताना "थोडक्यात भागवा, त्यातच गोडी आहे" असे गायनमंडळीस सांगणे हा ह्या पाठाचा अर्थ नव्हे. फाटका भाता शिवलाच पाहिजे. मर्यादा घालावयाची ती रचनेला, कामाच्या माणसांना लागणाऱ्या आधाराला नव्हे.

9. सारांश

येऊन पडलेली मर्यादा निवडलेली कशी होते? तीन गोष्टींनी. ती मोठ्याने बोलून दाखवावी: "आमच्याजवळ एक पेटी, दोन गळे व एक फोन आहे." ती अगोदर लिहून ठेवावी, मध्यावर नव्हे. आणि काम संपेपर्यंत ती पाळावी. एवढे केले की "आमच्याजवळ इतकेच आहे" ह्या वाक्याचा सूर बदलतो. तक्रार असलेले तेच वाक्य बेत बनते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या वर्गातील मुले मोठी होतील, दुसऱ्या गावी जातील, कदाचित दुसऱ्या भाषेत गातील. त्यांच्याबरोबर नेण्याजोगे आपल्या गावचे, आपल्या उच्चारांचे सहा गाण्यांचे एक गाठोडे आपण बांधून द्यावे. सहाच पुरेत. पण ती पुरी असावीत.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत अशी कोणती चाल आहे जी फक्त एका-दोघांनाच येते? ती ह्या महिन्यात कोण मुद्रित करील?
2. चार ट्रॅकांच्या मर्यादेने केलेल्या चार कामांपैकी आपल्या गायनमंडळीस कोणत्या कामाची अधिक गरज आहे? का?
3. विलापगीताच्या पाचव्या अध्यायात वचनांची संख्या राखली, पण अक्षरांचा क्रम सोडला. आपल्या एखाद्या गीतात कोणता नियम राखावा व कोणता सोडावा?
4. "येऊन पडलेली" व "निवडलेली" मर्यादा ह्यांतील फरक रोजच्या जीवनातील एका उदाहरणाने सांगा.

गृहपाठ

मोठ्या अभंगाच्या मापात (6-6-6-4) एक कडवे रचून आणा. ज्यांना ते कठीण वाटेल त्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक जुने गीत ऐकावे, त्याचे शब्द वहीत उतरवावे आणि खाली गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहावी.